डाव्या बुटाची जीभ

तीन आठवडे गळत होता.
आधी मिनिटाला चार थेंब, मग नऊ,
मग मी मोजणं सोडलं
आणि सिंकमध्ये स्पंज ठेवून दिला.

शाळेची बस चालवते मी, पहाटे पाचला उठते.
शेटिकँपच्या या टोकाला प्लंबर यायचा
तर साठ किलोमीटरवरून, तोही रस्त्यावरचा बर्फ हटल्यावर,
आणि येऊन म्हणणार, "ओडिल, सगळंच बदलून टाक."
म्हणून ऑरेलच्या दुकानात गेले.
"कुठल्या मापाचा वायसर?"
बोटांनी दाखवलं: एवढा. नाहीतर एवढा.
त्यानं पाच मापांचे पाच दिले,
पुडीत बांधून, फुटाण्यासारखे.

सिंकखालची चावी गंजून बसलेली.
तळघरात उतरले, मुख्य चावी फिरवली,
पूर्ण फिरली असं मला वाटलं.
वर येऊन पान्हा लावला
आणि पान्हाच फुटला:
छतावर, खिडकीवर,
कॅलेंडरातल्या संताच्या थेट तोंडावर.
मी जे बोलले
ते बसमधल्या पोरांना ऐकवण्यासारखं नाही.

पुन्हा तळघर. या खेपेला दोन्ही हातांनी.

नटाखाली दांडा, दांड्याच्या टोकाला पितळी स्क्रू,
आणि स्क्रूखाली रबर नव्हतंच.
कातडं होतं.
एके काळी तपकिरी, आता भिजून भिजून काळपट,
गोल कापायला गेलेल्या कात्रीकडून
जरा चौकोनी झालेलं.
एका कडेला शिवणीची तीन भोकं.

बाबांचंच काम.
दिवसाला मोजून आठ शब्द बोलायचे,
जाळं विणताना तेवढेही नाही.
मी लहान असताना या नळाच्या तोंडाला
त्यांनी दोरा बांधला होता, पार तळापर्यंत,
थेंबानं त्यावरून उतरावं, वाजू नये,
आईचा डोळा लागावा.
सगळ्यांच्याच नळाला दोरा असतो असं वाटायचं मला.

आईला फोन केला.
वृद्धाश्रमात साडेचारलाच जेवणं उरकतात,
मग ती फोनशेजारीच बसलेली असते.
"कातडं? कुठल्या रंगाचं?"
तपकिरी असावं.
"भोकं आहेत?"
तीन.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
"माझ्या डाव्या बुटाची जीभ," आई म्हणाली.
"ब्याऐंशीचा हिवाळा. मी कुत्र्याला झोडपला होता त्यापायी.
चर्चला जाताना नाडी पायात रुतायची,
आणि हा माणूस शेजारी बसून
पापांची कबुली म्हणायचा,
ओठ हलवून, आवाज न करता!"

मला हसू येईना, आवरेना.
चाळीसहून जास्त वर्षं आईची जीभ
नळाच्या घशात,
आणि आम्ही तिच्यावरून आलेल्या पाण्यात
भांडी घासली, सूप शिजवलं,
बाबांच्या शेवटच्या आजारात
त्यांना चमच्यानं पाजलं तेही तेच.
तेव्हा तरी सांगायचं.

चौथा वायसर बसला.
नळ बंद केला आणि तो बंद झाला,
इतका, की फ्रिजचं कण्हणं ऐकू यायला लागलं.
ते किती दिवस चाललंय कोण जाणे.

रात्री नऊला आईचा फोन.
"उणे बावीस होणार आहे म्हणे. पाइप गोठतील.
नळ जरासा सोडून ठेव."

तीन आठवड्यांचं गळणं, अर्ध्या दिवसाची दुरुस्ती,
हाताची दोन सालटं,
आणि शेवटी मीच उठून
तो थेंबभर सैल केला.
शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा काढला, बांधला.
थेंब आला, क्षणभर गाठीपाशी थांबला,
मग गुपचूप खाली.

कातडं बशीत वाळत ठेवलंय.
वाळताना एका बाजूनं वर उचललं जातंय,
काही बोलायचं असल्यासारखं.

बिचारा कास्तोर.
साधा भुंकणारा कुत्रा, बूट कधी चावलाच नाही.